आयनिक द्रव गोठतो-वितळतो तेव्हा आत काय हलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातली एक पीएचडीची विद्यार्थिनी १-ब्युटिल-३-मिथिलइमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या आयनिक द्रवावर काम करते. तिने नमुना डीएससीत (तापमान बदलताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) मिनिटाला १० अंश या वेगाने उणे १०० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला. गोठल्याचं शिखर आलंच नाही. परत तापवताना मात्र उणे ७७ च्या आसपास एक पायरी दिसली, मग उष्णता बाहेर टाकणारं शिखर, मग उणे २० ते २५ च्या दरम्यान उष्णता शोषणारा एक बारीक उंचवटा आणि शेवटी अधिक १० ला वितळण्याचं मोठं शिखर. मार्गदर्शक म्हणतात, नमुना अशुद्ध आहे. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं त्याच धन आयनाचं क्लोराइड लवण एकदा ४१ अंशांना वितळलं, पुढच्या वेळी ६६ ला. आमचे नमुने खराब आहेत का, आणि नसतील तर प्रत्येक उंचवट्यापाशी रचनेत नेमकं काय बदलतं, असं तिने विचारलंय.

गेली बावीस वर्षं मी हेच करतो आहे. लवणं बनवायची, वाळवायची, डीएससीत घालायची आणि रामन वर्णपट (विखुरलेल्या लेझर प्रकाशातून रेणूची कंपनं ओळखायची पद्धत) काढायचा. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुम्ही वर्णन केलेला आलेख या लवणाचा ओळखीचा आलेख आहे. एवढ्यावरून नमुना अशुद्ध म्हणता येत नाही. शुद्ध आहे असंही म्हणता येत नाही, पण ते पाण्याचं प्रकरण पुढे सांगतो. लांबलचक नावाऐवजी आपण प्रयोगशाळेत धन आयनाला 'बीमिम' म्हणतो, तेच इथे वापरतो.

सुरुवात साध्या मिठापासून करू. पणजीहून रायबंदरच्या बांधावरून जाताना बाजूला मिठागरं दिसतात. तिथे साचणारं सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळतं. आयनिक द्रव हेही मीठच, फक्त १०० अंशांच्या आत वितळणारं. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट १२ अंशांना वितळतं, म्हणजे गोव्याच्या हवेत ते बाटलीत बारा महिने द्रवच राहणार. आकाराने मोठे, बेढब आयन एकमेकांच्या फार जवळ येऊ शकत नाहीत, जाळी सैल बसते आणि कमी तापमानाला मोडते. हे स्पष्टीकरण पुस्तकात असतं आणि ते बरोबरच आहे. पण त्याने तुमचा आलेख उलगडत नाही. त्यासाठी एक भागाकार करून पाहा.

सोडियम क्लोराइड वितळायला मोलला सुमारे २८ किलोज्यूल लागतात. त्याला १०७४ केल्विनने भागा. वितळण्याची एन्ट्रॉपी, म्हणजे वितळताना वाढलेल्या अव्यवस्थेचं माप, येते साधारण २६ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. बीमिम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटला लागतात सुमारे २० किलोज्यूल, भागायचं २८३ केल्विनने. उत्तर ७० च्या जवळ. उष्णता मिठापेक्षा कमी, एन्ट्रॉपी मात्र अडीचपटीहून जास्त. मिठाच्या आयनांना वितळताना एकच स्वातंत्र्य मिळतं, जागा सोडायचं. गोल गोळा फिरला काय आणि न फिरला काय, फरक पडत नाही. बीमिमला जागा सोडता येते, अख्खं अंग वळवता येतं आणि चार कार्बनांची शेपटी पिळता येते. उरलेले चाळीसेक ज्यूल या बाकीच्या दोन खात्यांत पडतात. शेपटीच्या एका बंधाला तीन स्थिती समान उपलब्ध झाल्या तर त्याचा वाटा जास्तीत जास्त ८.३१४ गुणिले ३ चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे ९ च्या थोडा वर. असे दोन बंध धरले तर १८. उरलेलं बहुतेक अंग फिरवण्याचं. हिशेब ढोबळ आहे, पण मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याकडून तो पहिल्याच आठवड्यात करून घेतो, कारण त्यातून डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: ही सगळी स्वातंत्र्यं एकाच तापमानाला मिळालीच पाहिजेत असं नाही. काही आधी मिळतात, काही नंतर, आणि आलेखावर जितके उंचवटे दिसतात तितक्या टप्प्यांत हा हिशेब चुकता होतो.

आता तुमचा आलेख डावीकडून वाचू.

थंड करताना शिखर का नाही? स्फटिक व्हायला दोन गोष्टी लागतात, बीज पडणं आणि ते वाढणं. या द्रवांत दोन्हींची सोयीची तापमानं वेगवेगळी असतात. वाढ जोरात होते ती वितळणबिंदूच्या थोडं खाली, जिथे द्रव अजून हलता असतो. बीज पडतं ते बरंच खाली. मिनिटाला १० अंशांनी उतरताना तुम्ही वाढीच्या पट्ट्यातून जाता तेव्हा बीजच नसतं, आणि बीजाच्या पट्ट्यात पोचता तेव्हा द्रव इतका घट्ट झालेला असतो की बीज पडूनही वाढत नाही. मग उणे ७७ ला सगळंच थिजतं आणि काच होते, म्हणजे स्फटिकाचा क्रम नसलेला घन. परत वर येताना बीजं आधीच तयार असतात, हालचाल सुरू होते, वाढीचा पट्टा लागतो आणि द्रव धडाधड स्फटिकतो. उष्णता बाहेर टाकणारं ते शिखर हेच. याला शीत-स्फटिकीकरण म्हणतात. अशुद्धीशी याचा काही संबंध नाही.

काचेच्या पायरीपाशी रचना बदलते का? जवळजवळ नाही. क्ष-किरण विकिरणाचा आलेख उणे ७७ च्या वर आणि खाली ठेवून पाहिला तर ओळखू येण्यासारखा फरक फार थोडा असतो. बदलतो तो हालचालीचा वेग. उणे ७७ म्हणजे १९६ केल्विन, वितळणबिंदू २८३. भागाकार ०.६९. काच होणाऱ्या बऱ्याच द्रवांत हे गुणोत्तर दोन-तृतीयांशाच्या आसपास असतं, तेव्हा तुमची पायरी जिथे हवी तिथेच आहे. ही मार्गदर्शकांना दाखवायची पहिली गोष्ट.

मग तो उणे २०-२५ चा बारीक उंचवटा. बहुतेकांना तो अशुद्धीचा वाटतो आणि बहुतेकदा तिथेच घोळ होतो. या लवणाचे तीन स्फटिक प्रकार माहीत आहेत, आल्फा, बीटा आणि गॅमा, आणि तिन्हींत ब्युटिल शेपटी वेगवेगळी वळलेली असते. कुठे ताठ, कुठे एका बाजूला मुडपलेली, कुठे दुसऱ्या. काचेतून वर येताना आधी एक प्रकार तयार होतो, आणि जाळीला थोडी ढिलाई मिळाली की शेपटी वळते व स्फटिक दुसऱ्या प्रकारात जातो. म्हणजे हे घनाकडून घनाकडे होणारं स्थित्यंतर आहे. आयन आपली जागा सोडत नाहीत, अंग बदलतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आयनिक द्रवांतलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं प्रकरण हेच आहे आणि तुमच्या मित्राच्या क्लोराइडचं उत्तरही यातच आहे.

बीमिम क्लोराइडचे दोन स्फटिक प्रकार आहेत, एक मोनोक्लिनिक, एक ऑर्थोऱ्हॉम्बिक (ही जाळीच्या दोन ठेवणींची नावं). एकात ब्युटिल शेपटी ताठ, दुसऱ्यात मुडपलेली. ४१ आणि ६६ हे दोन्ही वितळणबिंदू प्रसिद्ध झालेले आहेत, त्यामुळे मित्राने दोनदा बरोबरच मोजलं. दोन्ही वेळा बाटलीत वेगळा प्रकार होता, एवढंच. कोणता होता हे रामन वर्णपट पाच मिनिटांत सांगतो. ६२५ प्रति सेंटिमीटरला पट्टा असेल तर ताठ, ६०२ ला असेल तर मुडपलेली. बीमिम ब्रोमाइडच्या स्फटिकात फक्त ६०२ चा पट्टा येतो. आणि क्लोराइड वितळवून द्रवाचा वर्णपट काढला की दोन्ही पट्टे एकत्र दिसतात. द्रवात दोन्ही अंगांचे आयन असतात.

तोक्यो विद्यापीठातल्या हामागुची यांच्या गटाने यावर एक सुंदर प्रयोग केला. ताठ शेपटीच्या क्लोराइड स्फटिकाचा छोटा भाग वितळवला आणि ६०२ चा पट्टा कधी उगवतो ते पाहत बसले. एकट्या रेणूत कार्बन-कार्बन बंधाभोवती शेपटी फिरायला काही पिकोसेकंद पुरतात, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भागही त्यापुढे लांब. इथे समतोल यायला मिनिटं लागली. स्फटिक वितळला होता, डोळ्यांना द्रव दिसत होता, पण आतले आयन आपलं जुनं अंग धरून होते. हामागुची यांचं म्हणणं असं की द्रवातही एकाच अंगाचे आयन गटागटाने राहतात आणि एका आयनाला एकट्याने वळणं परवडत नाही. आख्खा गट वळतो तेव्हाच तो वळतो. या स्पष्टीकरणावर सगळ्यांचं एकमत नाही. मला ते पटतं, कारण तसंच काहीतरी असल्याशिवाय पुढची गोष्ट समजत नाही.

चिबा विद्यापीठातल्या केइको निशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनोवॉटपर्यंत संवेदनशील असा डीएससी वापरून बीमिम ब्रोमाइड अतिशय सावकाश तापवलं. वितळण्याच्या पट्ट्यात आलेख एका दिशेने जायच्या ऐवजी वरखाली होऊ लागला. थोडं वितळायचं, थोडं परत स्फटिकायचं, पुन्हा वितळायचं, आणि हे तालात. त्याचा संबंध त्यांनी ब्युटिल शेपटीच्या सामूहिक आणि संथ वळण्याशी लावला. मिनिटाला १० अंशांच्या वेगाने यातलं काहीच दिसत नाही. सगळं एका गुळगुळीत शिखरात दडतं. म्हणून मी वेगाबद्दल इतका आग्रही असतो.

हे रोजच्या डोळ्यांनीही थोडंसं पाहता येतं. डिसेंबरात सत्तरी तालुक्याकडे पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तेव्हा त्यातल्या लांब साखळ्या ताठ होऊन एकमेकींना चिकटून बसतात. बीमिम क्लोराइडचं जरा निराळं. वितळवून चांगलं वाळवलेलं क्लोराइड आमच्या खोलीत २८ अंशांना मधासारखं दाट आणि पारदर्शक राहतं, वितळणबिंदूच्या कितीतरी खाली असूनही. एकदा मी असा फ्लास्क उचलून काचेच्या कांडीने आतून एक बारीक ओरखडा काढला. पहिला अर्धा तास काही नाही. मग ओरखड्याच्या टोकाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला, त्याला बाजूने सुया फुटल्या आणि प्रत्येक सुईच्या पुढे पारदर्शक द्रवाची कड हळूहळू मागे सरकत गेली. संध्याकाळपर्यंत तळ पांढरा झाला होता, वरचा थर अजून द्रव. त्या एकाच फ्लास्कमधून दोन्ही थरांचे वर्णपट काढले. खाली एक पट्टा, वर दोन. विद्यार्थ्यांना बहुरूपता, म्हणजे एकाच लवणाचे वेगवेगळे स्फटिक प्रकार, शिकवायला मला याहून चांगला तास मिळालेला नाही.

आता शेवटचं मोठं शिखर, अधिक १० चं. इथे दूरवरचा क्रम मोडतो. पण मोडतो किती, हे नीट समजून घ्या. मीठ वितळताना आकारमान सुमारे २५ टक्क्यांनी वाढतं आणि प्रत्येक आयनाभोवतीचे विरुद्ध भाराचे शेजारी सहावरून पाचाच्याही खाली येतात. आयनिक द्रवात ही उलथापालथ बरीच कमी असते. धन आयनाभोवती ऋण आयनांचं कडं, त्यापलीकडे पुन्हा धन, ही पाळी वितळल्यावरही टिकते. भाराला भार ओढतो आणि तो नियम द्रवातही सुटत नाही. विकिरणाच्या आलेखात याची खूण ७-८ अँगस्ट्रॉम अंतराशी जुळणाऱ्या शिखरात दिसते.

त्याशिवाय आणखी एक क्रम टिकतो, आणि तो शेपटीचा. भार असलेला भाग एकमेकांशी जाळं विणतो, शेपट्या त्या जाळ्यातून बाहेर ढकलल्या जाऊन आपसात जमतात. कानोंझिया लोपेस आणि पादुआ यांनी २००६ मध्ये संगणकी प्रतिरूपात भारित भाग लाल आणि शेपट्या हिरव्या रंगवून हे दाखवलं, आणि २००७ मध्ये त्रिओलो व सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी प्रत्यक्ष द्रवात त्याची खूण पकडली. शेपटी जितकी लांब तितकं हे अंतर वाढतं. ब्युटिलपाशी ही विभागणी नुकती सुरू होते, म्हणून तुमच्या लवणात ती पुसट असेल.

शेपटी बारा कार्बनांच्या पुढे गेली की हा क्रम इतका बळकट होतो की स्फटिक थेट साध्या द्रवात जातच नाही. मध्ये थरांचा द्रवस्फटिक लागतो. सोळा कार्बनांचं हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ७५ अंशांच्या सुमारास थरांच्या अवस्थेत जातं आणि सव्वाशेच्या सुमारास साधा द्रव होतं. ध्रुवण सूक्ष्मदर्शक असेल तर जरूर पाहा.

उलट टोकाला प्लास्टिक स्फटिक आहेत. पायरोलिडिनियमची काही लवणं वितळण्याआधी घनाकडून घनाकडे दोन-तीन स्थित्यंतरं करतात. प्रत्येकात थोडं थोडं स्वातंत्र्य मिळत जातं. आधी शेपटी, मग अंग. शेवटी आयन जाळीतल्या आपल्या जागेवरच गरगर फिरत असतात. मग प्रत्यक्ष वितळायला हिशेबात फारसं उरत नाही आणि वितळण्याची एन्ट्रॉपी २० ज्यूलच्याही खाली येते. मॅकफार्लन आणि फोर्सिथ यांच्या गटाने १९९९ मध्ये अशा घनात लिथियम मिसळून दाखवलं की त्याचे आयन घनातूनही वेगाने वाहतात. बॅटरीवाल्यांचं लक्ष तेव्हापासून इकडे आहे. तुम्ही पुढे विषय वाढवणार असाल तर मी या दिशेने जा म्हणेन.

आता पाणी. गोव्यात या विषयावर काम करणाऱ्याला जून ते सप्टेंबर हे चार महिने वेगळे धरावेच लागतात. क्लोराइड हवेतून ओल अक्षरशः पितं. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्यात मिसळत नाही म्हणून ते कोरडं आहे असं विद्यार्थी धरून चालतात. तसं नाही, तेही थोडं पाणी घेतंच. आत गेलेलं पाणी सुटं राहत नाही. थोड्या प्रमाणात असताना पाण्याचा एक रेणू दोन ऋण आयनांना दोन्ही हातांनी धरून बसतो. त्याने भारांची पाळी ढिली होते, काचेची पायरी खाली सरकते, दाटपणा उतरतो, शीत-स्फटिकीकरणाचं शिखर हलतं आणि कधी कधी नाहीसंच होतं. एका पावसाळ्यात माझं क्लोराइड महिनाभर द्रव राहिलं. मी खुशाल अतिशीतित (वितळणबिंदूखालीही न गोठलेला) द्रव म्हणून त्याचे वर्णपट काढत बसलो, आणि शेवटी कार्ल फिशर (पाण्याचा अंश मोजायची चाचणी) केल्यावर कळलं की बुचाखालून ओल शिरली होती. ते सगळे वर्णपट बाद करावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय कुणी डीएससीचं पॅन बंद करत नाही.

हेक्साफ्लुओरोफॉस्फेटबाबत याहून गंभीर गोष्ट आहे. ओलसर नमुना तापवला तर त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड सुटतं. काच धूसर होते हे लक्षण. ते अंगावर आलं तर वरून फार काही दिसत नाही आणि आत खोलवर इजा होते. म्हणून वाळवणं निर्वातात, ६०-७० अंशांच्या वर न जाता, आणि टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवूनच करा. बाटली जुनी असेल आणि काच आतून मंद दिसत असेल तर तो नमुना वापरूच नका.

तर तुम्ही आता काय करायचं? नमुना निर्वातात दोन दिवस वाळवा, कार्ल फिशरने पाणी मोजा, १०० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. थोडा नमुना पाण्याने धुवा आणि त्या धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. गढूळ झालं तर तयारीतलं क्लोराइड राहिलेलं आहे, आणि मार्गदर्शकांची शंका त्या बाबतीत खरी ठरेल. मग हवाबंद पॅनमध्ये तोच नमुना मिनिटाला १०, ५, २ आणि १ अंश अशा वेगांनी फिरवा, प्रत्येक वेगाला दोनदा. उणे ७७ ची पायरी आणि अधिक १० चं शिखर जवळपास जागेवर राहतील. शीत-स्फटिकीकरणाचं शिखर वेगाबरोबर सरकेल, आणि फार सावकाश गेलात तर कदाचित थंड होतानाच स्फटिक मिळेल. बारीक उंचवटा तापवण्याच्या वेगाबरोबर बदलत असेल आणि नमुना उणे ३० ला तासभर ठेवल्यावर त्याचं क्षेत्रफळ बदलत असेल, तर तो बहुरूपतेचा आहे. तसाच एका जागी ठाम बसून राहिला तर मात्र दुसऱ्या कुठल्या लवणाची शंका घ्यावी लागेल.

क्षेत्रफळांची बेरीज नक्की करा. तापवताना बाहेर पडलेली उष्णता आणि शोषली गेलेली उष्णता जवळपास सारखी आली, तर थंड करताना नमुना पूर्णपणे काच झाला होता. शोषलेली बरीच जास्त आली तर थोडा भाग थंड होतानाच गोठला होता आणि ते शिखर इतकं पसरलेलं होतं की तुम्हाला दिसलं नाही. द्रव आणि स्फटिक यांची उष्माधारिता वेगळी असल्यामुळे थोडा फरक राहतोच, त्याने घाबरू नका.

नमुना थंड ठेवायची सोय असलेलं रामन यंत्र मिळालं, तर उणे ४० ला आणि उणे १० ला एकेक वर्णपट काढा. ६०० ते ६३० चा पट्टा पुरे. दोन्ही वर्णपट वेगळे आले, तर तुमच्या मार्गदर्शकांना मग डीएससी दाखवायचीही गरज पडणार नाही. मित्रालाही सांगा, दोन्ही वेळच्या क्लोराइडचे थोडे थोडे स्फटिक बंद कुपीत राखून ठेव. पावसाळा तोंडावर आहे आणि तो ताठ शेपटीचा प्रकार पुन्हा हाती लागायला कधी कधी आठवडे जातात.